परदेशी पैसा पळून जातो का?

प्रश्न : चाकणजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ. परदेशी कंपन्या कधीही पैसा काढून पळतात म्हणतात. त्यांच्या ऑर्डरसाठी कर्ज काढून नवं मशीन घ्यावं का?
– एक वाचक, खेड तालुका

उत्तर : रातोरात निघतो तो शेअर बाजारातला पैसा. थेट गुंतवणूक म्हणजे जमिनीत रोवलेला कारखाना. तो असा उचलून नेता येत नाही. तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन २०२०च्या अखेरीस थांबलं. पुढे तोच कारखाना ह्युंदाईने घेतला. पण मधली वर्षं पुरवठादारांनी कशी काढायची? म्हणून मशीन घ्या, मात्र इतरांचीही कामं होतील असं. निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं नको. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आजच करा. ती असली की माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे.