घरचा जुना संगणक

मुलांनो, तुमच्यापैकी काही जणांच्या घरी संगणक असेल. तो बहुधा नवा नसेल. थोरल्या भावाने शिकत असताना घेतलेला असेल, नाहीतर मामूंनी आपला जुना दिलेला असेल. तो सुरू करून तुम्ही हातपाय धुऊन येता, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असते. मग घरातले कोणीतरी वैतागून म्हणते, "द्या हा डबा भंगारात!"

आमच्या घरीही असेच झाले. माझे अब्बा घरी बसून उर्दू लग्नपत्रिका तयार करतात. त्यासाठी ते इनपेज नावाचा प्रोग्रॅम वापरतात. आमचा संगणक २०१६ साली घेतलेला. त्यात विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. एका वर्षी ऐन लग्नसराईत तो इतका मंदावला की कळ दाबल्यावर अक्षर दोन-दोन सेकंदांनी उमटू लागले. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडूनही पाहिला नाही. "मास्तर, आता नवीनच घ्या," एवढेच म्हणाला. त्या महिन्यात नवीन घेण्याइतके पैसे घरात नव्हते आणि पत्रिका वेळेवर दिल्या नाहीत तर गिऱ्हाईक थांबणार नव्हते. म्हणून रविवारी सकाळी मी वही-पेन घेऊन संगणकापुढे बसलो. त्या दिवशी काय केले ते तुम्हांला सांगतो. त्यात एक चूकही केली, तीही सांगतो.

आधी संगणक मंद का होतो ते समजून घ्या. तुमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा डोळ्यांपुढे आणा. ओट्याशेजारी भिंतीत फडताळ आहे. फडताळात पुष्कळ वस्तू मावतात. पण काम करायचे तर वस्तू ओट्यावरच घ्यावी लागते. संगणकात रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. आता ओट्यावर पातेली, डबे, सकाळची उष्टी ताटे सगळे पसरले आहे आणि अम्मीला चपात्या लाटायच्या आहेत. ती काय करते? एक पातेले उचलून फडताळात ठेवते आणि पोळपाट काढते. थोड्या वेळाने तेच पातेले लागते; मग ते काढते आणि दुसरे काही आत ठेवते. तिचा सगळा वेळ या उचलठेवीतच जातो.

संगणकही अगदी असेच करतो. रॅम भरली की तो तिच्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवरील एका फाइलमध्ये नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही ने-आण महाग पडते. रॅममधील माहिती सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात हाती येते. हार्ड डिस्कमध्ये मात्र तबकडी फिरावी लागते आणि तिच्यावरचा लहानसा दांडा योग्य जागी सरकावा लागतो. त्याला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. म्हणजे फरक जवळजवळ एक लाख पटींचा झाला! संगणक अडखळतो आणि आतून सतत कुरकुर आवाज येतो, तेव्हा बहुधा हीच उचलठेव चालू असते.

ओट्यावर काय काय पडले आहे ते पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. ती लहान दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' असे लिहिलेले असते, तेथे टिचकी मारा. चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी समोर येईल. प्रत्येकापुढे त्याने प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती अडवली आहे ते लिहिलेले असते. 'मेमरी' या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतो.

आमच्या संगणकावर मी काहीही उघडले नव्हते, तरी मेमरी ८१ टक्के भरली होती आणि डिस्कपुढे १०० टक्के असा लाल आकडा होता. त्यातली दीड-दोन जीबी जागा विंडोज स्वतःच घेते. त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. पण बाकीचे पाहुणे कोण? छपाईयंत्राच्या कंपनीचा एक मदतनीस होता, आणि ते छपाईयंत्र तर तीन वर्षांपूर्वीच विकले होते. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या बहिणीच्या वर्गांसाठी घातलेले दोन प्रोग्रॅम होते. संगणकाबरोबर फुकट आलेला आणि मुदत केव्हाच संपलेला एक विषाणूरोधक होता. तो संरक्षण तर देत नव्हताच, उलट "पैसे भरा" अशी पाटी रोज दाखवत होता.

हे सगळे संगणक सुरू होताच न बोलावता येऊन बसत. त्यांची नावे टास्क मॅनेजरच्याच 'स्टार्टअप' या पानावर असतात. नाव निवडून 'डिसेबल' केले की प्रोग्रॅम पुसला जात नाही. तो आपोआप सुरू व्हायचे थांबतो, एवढेच. लागेल तेव्हा तुम्ही तो हाताने उघडू शकता. मी नऊ नावे बंद केली. जे पुन्हा कधीच लागणार नव्हते, ते सेटिंग्जमधील 'अ‍ॅप्स'च्या यादीतून कायमचे काढून टाकले. तो जुना विषाणूरोधक गेल्यावर विंडोजचा स्वतःचा विषाणूरोधक जागा झाला. यादीतील एखादे नाव ओळखीचे नसेल तर त्याला हात लावू नका. आधी ते कशाचे आहे ते कोणा जाणत्याला विचारा.

मग मी संगणक पुन्हा सुरू केला. येथे एक गंमत आहे. विंडोज १० मध्ये 'शट डाउन' केले तरी संगणक पुष्कळदा आपली अर्धी स्थिती डिस्कवर लिहून झोपतो आणि सकाळी तीच परत उचलतो. खरोखर नव्याने सुरू करायचे असेल तर 'रीस्टार्ट' निवडावे. आधी घड्याळ लावून मोजले होते, तेव्हा चार मिनिटे दहा सेकंद लागले होते. आता दोन मिनिटे लागली. मेमरी ५४ टक्क्यांवर आली. इनपेज उघडले, तर अक्षरे बोटांबरोबर चालू लागली.

आता चूक सांगतो. यश मिळाले की माणसाला हुरूप येतो. सी ड्राइव्हवर जेमतेम ३ जीबी जागा उरली होती. तेथे मोकळी जागा हवीच, कारण ती ने-आणीची फाइल तेथेच असते. म्हणून मी सेटिंग्जमधील 'टेंपररी फाइल्स' उघडले आणि यादीतल्या सगळ्या चौकटींवर भराभर खुणा केल्या. त्यात 'डाउनलोड्स' हीही एक चौकट होती. अब्बांची गिऱ्हाइके मजकूर पाठवत, तो त्याच फोल्डरमध्ये उतरत असे. चार घरांच्या पत्रिकांचा मजकूर क्षणात गेला. अशा रीतीने पुसलेल्या फाइली रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. अब्बा रागावले नाहीत. "फोन कर आणि माफी माग," एवढेच म्हणाले. मी चारही घरी फोन केले. तीन ठिकाणांहून मजकूर पुन्हा आला. चौथ्या घरच्या आजोबांनी सगळी नावे मला फोनवर तोंडी सांगितली आणि मी लिहून घेतली. तेव्हापासून काहीही पुसण्याआधी मी पेनड्राइव्हवर प्रत काढतो.

रॅम "साफ" करण्याचे प्रोग्रॅमही फुकट मिळतात. ते घेऊ नका. विंडोज रिकामी रॅम नुसती ठेवत नाही. पुढे लागेल असे तिला वाटते ते तेथे आधीच आणून ठेवते आणि जागा लागली की सोडून देते. साफ करणारा ते सगळे फेकतो आणि मग संगणकाला ते डिस्कवरून पुन्हा आणावे लागते. शिवाय तो स्वतःही ओट्यावर जागा अडवतोच! त्यापेक्षा ब्राउझरमधील न लागणारी पाने बंद करा. एकेक पान शंभर ते काहीशे एमबी जागा घेऊ शकते. वीस पाने उघडी ठेवणाऱ्याने संगणकाला दोष देऊ नये, असे मला वाटते.

जागेची ही ओढाताण नवी नाही. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आली, तेव्हा तिला कमीत कमी ४ एमबी रॅम लागे. आमच्या संगणकात तिच्या १०२४ पट आहे. त्याआधीच्या विंडोज ३.१ मध्ये खिडक्या आणि चित्रे यांच्या नोंदींसाठी अवघ्या ६४ केबीचे ठरलेले कप्पे होते. ते भरले की रॅम मोकळी असूनही संगणक "जागा नाही" म्हणे.

वीज बंद करून, तार काढून मी खोकेही उघडले. पंख्यावर धुळीचा थर होता, तो मऊ कुंचल्याने झाडला. प्रोसेसर फार तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. पुढच्या वर्षी पैसे साठल्यावर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. सगळ्यांत मोठा फरक तिनेच पडला. तुम्ही रॅमची पट्टी घ्यायला गेलात तर जुनी पट्टी बरोबर न्या. डीडीआर ३ ची पट्टी डीडीआर ४ च्या खाचेत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मला दुरुस्त करता आली नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ आमचा संगणक स्वीकारत नाही. लिनक्स फुकट मिळते आणि त्याचे हलके प्रकार अशा संगणकावर बरे चालतात. पण इनपेज विंडोजसाठी बनलेले आहे. म्हणून आम्ही त्या संगणकाची इंटरनेटची तार काढून ठेवली. बँकेचे काम त्यावर करत नाही. मजकूर पेनड्राइव्हवर येतो, तपासला जातो आणि मग अब्बा टंकायला बसतात.

स्वाध्याय

१. रॅम आणि हार्ड डिस्क यांची तुलना लेखकाने कशाशी केली आहे?
२. 'डिसेबल' करणे आणि प्रोग्रॅम काढून टाकणे यांत कोणता फरक आहे?
३. लेखकाच्या हातून कोणती चूक झाली? ती कशी निस्तरली?
४. वाक्यांत उपयोग करा : हुरूप येणे, दोष देणे, ओढाताण.
५. उपक्रम : शाळेतील किंवा घरचा संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून तीन दिवस मोजा आणि वहीत लिहा.