कोलेस्टेरॉल : शरीराचे आणि मेंदूचे

रक्ततपासणीचा अहवाल हाती येताच अनेकांची नजर प्रथम कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडे वळते. हृदयविकाराशी नाव जोडले गेल्याने या पदार्थाला शत्रू मानण्याची प्रथाच पडली आहे. वस्तुतः त्याच्यावाचून शरीराचा कारभार चालू शकत नाही. पेशींचे आवरण, पचनास आवश्यक पित्ताम्ले, 'ड' जीवनसत्त्व आणि अनेक संप्रेरके यांच्या घडणीत त्याचा वाटा असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते. परंतु शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे २० टक्के साठा एकट्या मेंदूत असतो. त्यातील बहुतांश भाग मज्जातंतूंवरील 'मायलिन' या वेष्टनात असतो. या वेष्टनामुळेच संदेश वेगाने पोहोचतात.

हे वाचून, 'मेंदूला कोलेस्टेरॉल हवे, तर ते कमी करणारी गोळी कशाला?' असा प्रश्न पडतो आणि काही जण औषध परस्पर बंद करतात. ही समजूत घातक ठरू शकते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर रक्तातील कोलेस्टेरॉलला सहसा आत येऊ देत नाही. मेंदू आपल्या गरजेपुरते कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्यात वर्ग होत नाही.

रक्तातील 'एलडीएल' कोलेस्टेरॉल वाढले, की ते धमन्यांच्या भिंतींत साचू लागते. त्यातून हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात संभवतो. पेशींवरील विशिष्ट ग्राही हे एलडीएल रक्तातून उचलतात, हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवून दिले. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिन औषधांमुळे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती घटते, ग्राहींची संख्या वाढते आणि रक्तातील एलडीएल कमी होते.

विशेष म्हणजे, २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने मध्यमवयात वाढलेल्या एलडीएलचा समावेश स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत केला. म्हणजेच, रक्तातील अतिरिक्त कोलेस्टेरॉल मेंदूचे पोषण करीत नाही; उलट त्याला अपायकारक ठरू शकते.

तात्पर्य, कोलेस्टेरॉलची अनाठायी भीती नको आणि बेफिकिरीही नको. तूप, लोणी व तळलेल्या पदार्थांवर संयम, नियमित चालणे आणि वेळोवेळी तपासणी ही त्रिसूत्री पाळावी. औषध सुरू असल्यास त्यात बदल करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.