कुत्र्याची खाज आणि कच्चे मांस

हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले कुत्रे तुम्हाला दिसेल. ते सारखे खाजवू लागले, की कोणी सुचवते, "लांडग्याचीच जात ती, कच्चे मांस घाला." हा उपाय बरोबर आहे का?

ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून शरीराने केलेला प्रतिकार. अन्नाच्या ॲलर्जीत हा 'शत्रू' बहुधा दूध, कोंबडी, गहू अशा अन्नातले एखादे प्रथिन असते. कोंबडीचे वावडे असेल, तर कच्च्या कोंबडीनेही खाज सुटणारच!

शिवाय कच्च्या मांसात साल्मोनेला जंतू असू शकतात. शेळ्यामेंढ्यांच्या गाठी असलेल्या कच्च्या काळीज-फुप्फुसांतून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांवाटे ती आपल्या पोटात गेली, तर यकृतात द्रवाने भरलेल्या गाठी होतात. हाच हायडॅटिड रोग.

म्हणून आधी केस विंचरून पिसवा शोधा. पुष्कळदा खाजेचे मूळ त्यांच्या लाळेत असते. त्या नसतील, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, पूर्वी कधीच न दिलेले एकच प्रथिन शिजवून सुमारे ८ आठवडे द्या. खाज थांबली, की जुने अन्न पुन्हा देऊन पाहा. खाज परतली? मग गुन्हेगार सापडला!