रेवाल घोडी घेताना

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "रेवाल घोडी घ्यायचीय, बरोबर येता का?" रेवाल म्हणजे स्वाराला उसळी न बसू देणारी चाल. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात जरूर जावं, मारवाडी आणि काठेवाडी जनावरं एका जागी इतकी क्वचितच दिसतात. पण माझा आग्रह असतो की बाजारात फक्त पाहावं आणि सौदा विकणाऱ्याच्या दारात करावा.

अर्थात दारातही डोळे उघडे हवेत. मी माझी घोडी शेजारच्या तालुक्यातल्या मालकाकडून घेतली. रंग कुमैत, पंचकल्याण, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. मालक स्वतः बसून चालवत होता, तेव्हा त्याचे खांदेसुद्धा हलत नव्हते. घरी आणल्यावर आठवडा उलटायच्या आत ती पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागली. पशुवैद्य म्हणाले, दुखणं जुनं आहे, विकताना बहुधा वेदनाशामक दिलं असावं. अशा औषधाचा असर उतरायला काही दिवस जातात. मालकाचं उत्तर एकच होतं: "आमच्याकडं होती तोवर ठणठणीत होती."

रेवाल चालीत लंगडणं लपतं, हे घेणाऱ्याने नीट समजून घ्यावं. दुडकीत तिरपे दोन पाय एकदम पडतात, अंगाला उसळी बसते. दुखरा पुढचा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं आणि चांगला टेकला की खाली करतं. रेवालीत पाय एकामागून एक पडतात. उसळी नसल्यामुळेच ती बसायला इतकी सुखाची. त्यात स्वाराने लगाम आखडून मान वर धरली, तर मानेची खूणही दिसत नाही. म्हणून आधी स्वाराला उतरवा, खोगीर काढायला लावा आणि म्होरकी धरून घोडी कडक, सपाट जमिनीवर सरळ दुडकत न्यायला सांगा. जाताना मागून पाहा, येताना समोरून. पायांतल्या साखळ्या नि घुंगरं आधी सोडवा. काही घोडी दुडकी धरतच नाहीत. त्यांना दोन्ही बाजूंनी गोल फिरवा आणि पशुवैद्याला चारही खूर दाबून तपासू द्या. पशुवैद्य तुमचा हवा, मालकाने बोलावलेला नको.

मग चाल पाहा, तीही साध्या लगामावर. काटेरी लगामाला प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनुसार बंदी आहे, तरी तो अजून दिसतो. ओठांचे कोपरे आणि जीभ पाहिली की कळतं. धाकाने काढलेली चाल घरातल्या पोराच्या हाती टिकत नाही. शेवटी स्वतः बसा.

लोक शुभ-अशुभ ठरवायला अंगावरचे केसांचे भोवरे मोजण्यात अर्धा दिवस घालवतात. श्रद्धा असेल तर मोजा, पण तेवढाच वेळ गुडघ्याखालच्या शिरांवरून हात फिरवायला द्या. सूज किंवा ऊब लागली तर थांबा. वयासाठी तोंड उघडून पाहा: पुढचे सगळे कायमचे दात साधारण पाचव्या वर्षापर्यंत येतात. दूधदात असलेलं जनावर जड स्वाराखाली रेवाल दाखवत असेल, तर त्याच्या सांध्यांची मला फार काळजी वाटते. हाडं पक्की व्हायच्या आधीच त्याच्यावर ओझं पडलेलं असतं.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय घोडी दारात आणू नका. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावराला कायद्याने मारावं लागतं. घरातल्या लेकरांचा विचार करा.

जवळच्या मालकाकडून घेण्यात एक मोठी सोय आहे, ती वापरा. न सांगता पहाटे जा, घोडी गोठ्यातून थंड अंगाने बाहेर येते तेव्हाची पहिली पावलं पाहा. काही दिवसांनी पुन्हा जा. त्या गावच्या नालबंदाला गाठून चहा पाजा; कुठली घोडी पाय उचलू देत नाही, कुणाच्या खुराला भेग आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पटली तर इसार द्या, पण पावतीवर रंग, खुणा, भोवरे, वय आणि मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक लिहून घ्या. लंगडी निघाल्यास किती दिवसांत परत घेणार, हे मालकाच्या सहीनिशी त्याच कागदावर असू द्या. सही द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्या दारातून इसार खिशात ठेवूनच परत फिरा.