घरी केलेला ड्रायसूट : कारागिरीमागचे शास्त्र

पाणबुड्याचा पोशाख म्हटला की कारखान्यातून आलेली महागडी वस्तू आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु पाण्याने भरलेल्या गुहांच्या शोधाचा इतिहास पाहिला, तर त्याच्या आरंभी घरगुती कारागिरीचा वाटा फार मोठा होता असे दिसते. ही कारागिरी व तिच्यामागचे साधे शास्त्र यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात मेंडिप नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. तेथील स्विल्डन्स होल या गुहेत एके ठिकाणी छत खाली उतरते आणि वाट पाण्यात बुडते. अशा जागेला 'सम्प' म्हणतात. हा सम्प जेमतेम मीटरभर लांबीचा; पण पलीकडे काय आहे हे ठाऊक नसताना तेवढे अंतरही जिवावरचेच होते. ग्रॅहम बाल्कम व जॅक शेपर्ड या पोस्ट खात्यातील दोन इंजिनिअरांनी १९३४ साली घरी बनवलेले श्वसनयंत्र घेऊन प्रयत्न केला, तो फसला. १९३५ साली तांब्याच्या शिरस्त्राणाचा जड पोशाख घालून ते जवळच्या वुकी होल गुहेत उतरले. तेथे तो चालला. पण स्विल्डन्सच्या अरुंद वाटांत त्याचा उपयोग नव्हता. अखेर ४ ऑक्टोबर १९३६ रोजी शेपर्ड यांनी घरी बनवलेला कोरडा पोशाख, म्हणजेच ड्रायसूट, चढवला आणि फेरफार केलेल्या फुटबॉलच्या पंपाने पुरवलेल्या हवेवर तो सम्प पार केला.

येथे कोणी विचारील, पंप कशाला? लांब नळी तोंडात धरली तर काय बिघडले? याचे उत्तर दाबात आहे. एक मीटर खोलीवर पाणी दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा जादा भार टाकते. छातीचा पृष्ठभाग १००० चौरस सेंटिमीटर धरला, तर हा भार १०० किलो होतो. एवढ्या ओझ्याखाली वरची साधी हवा आत ओढणे स्नायूंच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून आत येणारी हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असावी लागते.

पोशाखाचीही अशीच गोष्ट आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते, आणि मेंडिपच्या गुहांतील पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ड्रायसूट आतील लोकरी कपड्यांभोवती हवेचा थर राखून ऊब टिकवतो. मात्र १० मीटर खोलीवर त्या हवेचे आकारमान निम्मे होते व पोशाख अंगाला आवळतो. म्हणून आजच्या पोशाखात छातीवरील झडपेतून हवा भरतात आणि वर येताना ती फुगू लागली की दंडावरील झडपेतून सोडतात. पोशाख फार ढगळ असेल तर हवा पायांकडे धावते आणि माणूस पाण्यात उलटा होतो. घरी पोशाख सैल करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवले पाहिजे.

गळ्याची रबरी पट्टी घट्ट असल्यास तिची एकेक कड कातरून ती बेताची करतात. जास्त कातरली तर पाणी शिरते. कमी कातरली तर मानेतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन भोवळ येते. पोशाखाला भोक आहे का, हे पाहण्याची रीत मला विशेष ओळखीची वाटली. मनगटांत बाटल्या व गळ्यात चेंडू बसवून पोशाख फुगवायचा, वरून साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडे कोठे येतात ते पाहायचे. माझे वडील सायकलची ट्यूब घमेल्यातील पाण्यात धरून पंक्चर शोधतात, ते तत्त्व हेच. पुढे भोकाभोवतीची जागा घासणे, सोल्यूशन लावणे, ते सुकू देणे व ठिगळ दाबून बसवणे हा क्रमही तोच. तो गडबडीने उरकला की ठिगळ सुटते, हे मी दुकानात अनेकदा पाहिले आहे. फरक एवढाच की रस्त्यावर ठिगळ सुटले तर सायकल ढकलत न्यावी लागते. गुहेत थंड पाणी थेट अंगाला भिडते.

पुढे ब्रिटिश गुहासंशोधकांनी सिलिंडर पाठीऐवजी कुशीला बांधण्यासाठी पट्टे स्वतः तयार केले, कारण सरपटत जाताना पाठीवरचे ओझे छताला अडकते. पट्टा, खिसा, गुडघ्यावरचे जाड ठिगळ ही कामे घरी करण्याजोगी आहेत. परंतु ज्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या २०० पट दाब असतो, त्याची झडप किंवा श्वास देणारा रेग्युलेटर हौसेने उघडण्याची वस्तू नव्हे. १९४९ साली वुकी होलमध्ये एका पाणबुड्याचा मृत्यू झाला. पाण्याखालच्या गुहेत वर येऊन श्वास घ्यायला मोकळे आकाश नसते, म्हणून तेथे चुकीला क्षमा नाही.

हाताने काम करणारा अडाणी आणि पुस्तक वाचणारा शहाणा, अशी वाटणी आपल्याकडे सर्रास केली जाते. शेपर्ड व बाल्कम यांच्यापाशी मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. त्यांना पंप दुरुस्त करता येत होता आणि दाबाचा नियमही कळत होता. नुसत्या हाताच्या बळावर तो सम्प पार झाला नसता आणि नुसत्या पुस्तकाच्या बळावर पोशाख तयार झाला नसता. आपण विद्यार्थ्यांनी या उदाहरणातून घ्यावयाचा धडा हाच, असे मला वाटते.