टॅब्लेटवर काय, किंडलवर काय?

प्रश्न : मुलानं टॅब्लेट आणि किंडल दोन्ही आणून दिलं. किंडलवर मराठी पीडीएफची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, पान उलटताना पडदा मधूनच काळा होऊन लुकलुकतो. बिघडलंय का?
– एक वाचक, देवगाव रंगारी (ता. कन्नड)

उत्तर : बिघाड काही नाही. किंडलच्या ई-इंक पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या बारीक कुप्या असतात. जुन्या पानाची पुसट छाप घालवायला ते कण एकदा पुरते खाली-वर होतात, तीच ही लुकलुक. पान स्थिर असताना पडद्याला वीज जवळपास लागतच नाही, म्हणून एकदा चार्ज केलं की काही आठवडे निघतात. भर उन्हात ओट्यावर बसून वाचा. टॅब्लेटचा तिथं आरसा होतो.

पीडीएफचं दुखणं मात्र खरं. तिचं पान ठरलेल्या मापाचं. अक्षर मोठं केलं तरी ओळी नव्यानं जुळत नाहीत. ई-साहित्य प्रतिष्ठानच्या मोफत पीडीएफ आणि बुकगंगाच्या ॲपमधली पुस्तकं टॅब्लेटवरच वाचा. किंडलच्या दुकानात २०१६पासून मराठी पुस्तकं आहेत, त्यांचं अक्षर हवं तेवढं वाढतं. पीडीएफ किंडलवरच हवी असेल तर मेन्यूतून पान आडवं करा. पीडीएफचं किंडलच्या पुस्तकात रूपांतर करण्याच्या फंदात मात्र पडू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मजकुराचा हमखास कचरा होतो.