ई-टपालातील हवा तो कागद दोन बटणांत

व्यापारी बंधूंनो, कापडाचा सौदा तोंडी ठरतो, पण वाद कागदावरच मिटतो. आज तो कागद बहुधा ई-मेल असतो. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे देण्याची मुदत लेखी ठरवूनही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. तेव्हा दर काय ठरला, माल कधी पोचला, हे सांगणारा मेल वेळेवर हाती लागलाच पाहिजे.

यासाठी आम्ही ‘मट्ट’ हा प्रोग्राम सुचवितो. मायकेल एल्किन्स यांनी तो 1995 साली लिहिला. तो मोफत असून त्यात चित्रे नाहीत, माऊसची गरज नाही. सारे काम की-बोर्डवर. (खालील अक्षरे टंकताना छोटी इंग्रजी वापरावीत.)

प्रथम मूळ शोध पाहू. यादीत ‘एल’ दाबले की खाली ओळ उघडते. तेथे खुणा द्यावयाच्या:

~एफ : पाठविणारा
~टी : ज्याला पाठविले तो
~एस : विषय
~बी : आतील मजकूर
~डी : तारीख

‘~एफ’ नंतर पार्टीचे नाव लिहून एंटर दाबले की फक्त तिचेच मेल उरतात. दोन खुणा शेजारी लिहिल्या तर दोन्ही अटी लागू होतात. मध्ये उभी रेघ दिली तर कोणतीही एक पुरते. सर्व मेल परत हवे असल्यास ‘एल’ दाबून ‘ऑल’ लिहावे.

रोज इतके टंकणे कोणाला परवडते? म्हणून आपले बटण बनवावे. होम फोल्डरमधील ‘.मट्टआरसी’ फाइलमध्ये या दोन ओळी लिहाव्यात:

मॅक्रो इंडेक्स ,एफ "<लिमिट>~एफ "
मॅक्रो इंडेक्स ,डी "<लिमिट>~डी <45डी ~एफ "

फाइल जतन करून मट्ट पुन्हा उघडावा. आता स्वल्पविराम व ‘एफ’ दाबताच खूण आपोआप येते, आपण फक्त नाव लिहावयाचे. दुसऱ्या बटणाने त्या पार्टीचे गेल्या 45 दिवसांतलेच मेल दिसतात. सुरुवातीला स्वल्पविराम यासाठी, की मट्टची मूळ बटणे शाबूत राहावीत. कोणते बटण काय करते ते प्रश्नचिन्ह दाबल्यास कळते.

तगाद्यासाठी पाठविलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘~एस बिल ~डी >45डी’ असा शोध घ्यावा. मुदत उलटलेली बिले समोर येतील. ती वसूल झाली की नाही, हे मात्र खातेवहीशी ताडून पाहावे.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाव छोट्या अक्षरांत लिहिले तर छोटी-मोठी दोन्ही अक्षरे जुळतात. एक जरी मोठे अक्षर आले तर तंतोतंत तसेच शोधले जाते. ‘~बी’चा शोध सावकाश चालतो, कारण प्रत्येक मेल आतून वाचावा लागतो, म्हणून आधी नाव व तारखेने यादी आटोपशीर करावी. आणि जोडलेल्या पीडीएफ बिलातील आकडे या शोधाला दिसत नाहीत.

यावर उपाय यंत्रात नाही, आपल्या शिस्तीत आहे. विषयाच्या ओळीत बिल नंबर, पार्टीचे नाव व मालाचा प्रकार लिहिण्याची सवय लावावी. कारकुनालाही तीच सवय लावावी. नीट नाव घातलेला कागदच गरजेच्या वेळी हाती येतो.